डेक्कन : उजव्या हाताचा देश



‘डेक्कन’ हा शब्द आपण इंग्रजी म्हणून ओळखतो. डेक्कन कॉलेज, डेक्कन क्वीन, डेक्कन ट्रॅप अशा नावांतून तो कानावर पडतो. त्याचा अर्थ विचारला तर ‘दक्षिणेकडचे पठार’ असे उत्तर मिळते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. दक्षिणेकडचे म्हणजे कोणाच्या दक्षिणेकडचे? पुण्यात बसणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही. बुऱ्हाणपुरात राहणाऱ्याला मात्र तो पडायला हवा. या शहराला शतकानुशतके ‘दक्खनचा दरवाजा’ म्हटले गेले आणि आपली मराठी घरे याच शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदली. उंबरठ्यावर राहणाऱ्याला आतले कोण आणि बाहेरचे कोण, हे कधीतरी ठरवावे लागते. त्यासाठी या शब्दाची वाट मुळापासून चालून पाहू.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘दक्षिण’ आहे, हे सांगायला नको. पण ‘दक्षिण’ याचा पहिला अर्थ दिशा असा नव्हे. तो आहे ‘उजवा’. आपले पूर्वज दिशा मोजायचे ते उगवत्या सूर्याकडे तोंड करून. जे समोर ते प्राची, जे पाठीमागे ते पश्चिम आणि जे उजव्या हाताला ते दक्षिण. ‘दक्ष’ म्हणजे कुशल, समर्थ. उजवा हात कामात तरबेज, म्हणून तो दक्षिण. लॅटिनमध्ये उजव्याला ‘डेक्स्टर’ म्हणतात. तो शब्द आणि आपला ‘दक्षिण’ एकाच मुळाचे आहेत. इंग्रजीत हस्तकौशल्याला ‘डेक्स्टेरिटी’ म्हणतात ते त्यावरूनच. म्हणजे इंग्रजी भाषेत एकाच घराण्याचे दोन शब्द दोन वाटांनी पोहोचले : एक रोमहून आणि दुसरा, डेक्कन, आपल्या पठारावरून.

मराठीने उजव्या हाताला ‘उजवा’ हा वेगळा शब्द घेतला आणि ‘दक्षिण’ दिशेपुरता ठेवला. तरीही जुना अर्थ आपल्या घरात शिल्लक आहे. देवाला आपण प्रदक्षिणा घालतो, ती देव उजव्या हाताला ठेवून. हिंदीत तर एकाच शब्दाची दोन मुले शेजारीशेजारी नांदतात. प्राकृतात ‘दक्षिण’चे एक रूप ‘दाहिण’ झाले, त्याचा हिंदीत ‘दाहिना’ झाला. दुसरे ‘दक्खिण’ झाले, त्याचा ‘दक्खिन’. बाजारात ‘दाहिने मुड़िए’ असे ऐकले की आपल्या मायभूमीच्या नावाचा सख्खा भाऊच आपल्या कानावर पडत असतो.

असे करणारे आपणच नव्हे. अरबीत ‘य-म-न’ या धातूवरून उजव्याला ‘यमीन’ म्हणतात आणि अरबस्तानच्या दक्षिण टोकाच्या देशाचे ‘यमन’ हे नावही त्याच धातूचे आहे. तिथेही तोंड पूर्वेकडेच होते. बुऱ्हाणपूरकरांना हे दूरचे वाटू नये. दर्गा-ए-हकीमीला दुरून येणाऱ्या दाऊदी बोहरा समाजाची धर्मगादी सोळाव्या शतकात यमनहून गुजरातेत आली. म्हणजे एकाच गावात दोन समाज असे आहेत, की ज्यांपैकी एकाच्या मायभूमीच्या आणि दुसऱ्याच्या धर्मगादीच्या जुन्या भूमीच्या नावाचा अर्थ ‘उजवीकडचा देश’ असा आहे.

पण उजवे-डावे हे तोंड कुठे आहे त्यावर ठरते. नदीचा उजवा तीर म्हणजे प्रवाहाच्या दिशेने तोंड केल्यावर उजव्या हाताला येणारा तीर. गोदावरी पूर्वेला वाहते, म्हणून तिचा उजवा तीर दक्षिणेचा. आपली तापी पश्चिमेला वाहते, म्हणून तिचा उजवा तीर उत्तरेचा. आणि त्यावरच बुऱ्हाणपूर वसले आहे. गोदाकाठी उजवे आणि दक्षिण एकच. तापीकाठी ती दोन टोके. ‘डेक्कन’ शब्दाची पुढची सगळी कथा या एका गोष्टीत सामावलेली आहे : बोलणारा कुठे उभा आहे आणि त्याचे तोंड कुठे आहे, ते पाहिल्याशिवाय या शब्दाचा अर्थ लागत नाही.

दिशेचे नाव देशाला कसे चिकटले, ते आता पाहू. जुने नाव ‘दक्षिणापथ’. पथ म्हणजे वाट. उत्तरेहून उज्जयिनी आणि माहिष्मतीवरून प्रतिष्ठानकडे, म्हणजे आपल्या पैठणकडे, जाणारी वाट पाली ग्रंथांना ठाऊक आहे. दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेचे नाव ती वाट जिथे पोहोचते त्या मुलखाला मिळाले. नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात ‘दक्षिणापथपती’ ही पदवी प्राकृत रूपात येते. इ. स. १५० च्या सुमाराच्या जुनागढच्या लेखात क्षत्रप रुद्रदामन सातकर्णीला दक्षिणापथाचा स्वामी म्हणतो आणि आपण त्याला दोनदा हरवले असे सांगतो. येथे एक बारकावा ध्यानात घ्या. नाणेघाटात हे नाव सातवाहनांनी अभिमानाने स्वतःला लावले आहे, तर जुनागढात त्यांच्या प्रतिस्पर्ध्याने त्यांना लावले आहे. हा शब्द पहिल्यापासूनच आतूनही उच्चारला गेला आणि बाहेरूनही.

परकीयांच्या कानावर तो पडला तो भडोचच्या बंदरात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याचे प्रवासवर्णन ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. भडोचच्या पुढचा मुलूख ‘दाखिनाबादेस’ म्हणून ओळखला जातो, कारण तिथल्या लोकांच्या भाषेत ‘दाखानोस’ म्हणजे दक्षिण, असे तो सांगतो. पैठण आणि तेर या बाजारपेठांचीही त्याने नोंद केली आहे. परदेशी माणसाने आपल्या शब्दाची व्युत्पत्ती लिहून ठेवल्याचे हे फार जुने उदाहरण आहे, आणि ती व्युत्पत्ती बरोबर आहे.

यानंतर शब्द फारसीच्या हाती गेला. प्राकृत ‘दक्खिण’चे लोकांच्या तोंडी ‘दक्खिन’, ‘दक्खन’ झालेच होते. फारसीत आपल्यासारखा ‘ख’ नाही, म्हणून त्या लिपीत तो ‘दकन’ असा लिहिला गेला. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीतली माणसे दौलताबादला आणली. त्यातली पुष्कळ इथेच राहिली. पुढे १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले आणि त्या दरबारात दोन तट पडले : इराण-तुराणातून ताज्या दमाने आलेले ते ‘आफाकी’, आणि इथे मुरलेले ते ‘दक्खनी’. यांतल्या बऱ्याच दक्खन्यांचे आजे-पणजे उत्तरेतून आलेले होते. तरी दोन-तीन पिढ्यांत ते दक्खनी झाले. म्हणजे इथे ‘दक्खनी’ हे नाव माणूस कुठून आला यावरून पडले नाही, तो कुठे राहिला यावरून पडले. ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

त्याच लाटेची खूण बुऱ्हाणपूरच्या नावात आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानाने, नसीरखानाने, इ. स. १४०० च्या सुमारास हे शहर वसवले आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. ते दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. दौलताबादला आले आणि खुलताबादला त्यांची कबर झाली. उत्तरेतून येऊन दक्खनच्या मातीत मिसळलेल्या माणसाचे नाव आपले शहर सहाशे वर्षे मिरवते आहे.

शहराचे महत्त्व जागेमुळे होते. सातपुड्याच्या रांगेतून उतरणारी वाट अशीरगडाखालून येते आणि तापीच्या सखल खोऱ्यात शिरते. गड हाती असेल त्याच्या हाती ती वाट. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला तेव्हा मोगलांना दरवाजाची किल्ली मिळाली. पुढची शंभर वर्षे दक्खनवर निघालेली प्रत्येक मोठी स्वारी बुऱ्हाणपुराशी जोडलेली दिसते. शाहजहान दक्खनच्या मोहिमेवर असताना १६३१ मध्ये मुमताजमहल याच शहरात वारली. मिर्झाराजे जयसिंग दक्खनमधून परतताना १६६७ मध्ये इथेच वारले. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने शहराबाहेरचे संपन्न बहादूरपूर लुटले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब स्वतः इथे येऊन दाखल झाला. आग्र्या-दिल्लीच्या माणसासाठी दक्खन इथून सुरू होत होते.

इंग्रजही याच दरवाजाशी आला. राजा जेम्सचा वकील सर थॉमस रो सुरतेहून जहांगिराच्या भेटीला अजमेरकडे निघाला, तेव्हा १६१५ च्या नोव्हेंबरात त्याने बुऱ्हाणपुरात शहजादा परवेझची भेट घेतली. परवेझ तिथे दक्खनच्या मोहिमेसाठीच तळ देऊन होता. इंग्रजांच्या आधी शंभर वर्षे पोर्तुगीज कोकणपट्टीवर आले होते. त्यांच्या लेखनात या प्रदेशाचे नाव ‘दाकें’, ‘देकान’ अशा रूपांत येते. फारसी दरबारांचा ‘दकन’ आणि पोर्तुगिजांची ही रूपे यांच्यामधून इंग्रजांचा ‘डेक्कन’ घडला. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याचे मूळ प्राकृत-संस्कृतापर्यंत नेऊन, ‘उजव्या हाताचा’ या पहिल्या अर्थासकट दिले आहे. शब्द इंग्रजी नाही. इंग्रजी आहे ते फक्त त्याचे लेखन.

आता मूळ प्रश्न. बुऱ्हाणपूर डेक्कनच्या आत की बाहेर? कागद काय म्हणतात पाहू. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या त्या ‘दक्खनच्या सहा सुभ्यां’च्या : औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, हैदराबाद आणि विजापूर. खानदेश सुभ्याचे ठाणे बुऱ्हाणपूर. म्हणजे मोगली हिशोबात आपले शहर दक्खनच्या आत होते. दक्खनचा सुभेदार पहिला निजाम, निजामुल्मुल्क, १७४८ मध्ये वारला तोही इथेच. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर शहर मराठ्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले आणि १८६० मध्ये शिंद्यांनी ते इंग्रजांना दिल्यावर निमाड जिल्ह्यात पडले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या मध्यप्रांतातले नागपूर-विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बुऱ्हाणपूर मात्र मध्य प्रदेशात राहिले. २००३ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. तापी तीच, कापूस-केळीचा मळा तोच, पण रावेर दुसऱ्या राज्यात गेले.

खडकाला विचारले तर तो आणखी वेगळे सांगतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांना भूशास्त्रज्ञ ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. सह्याद्रीच्या कड्यांवर त्या पायऱ्या आपण पाहतोच. पण हा खडक नर्मदेशी थांबत नाही. माळव्याचे पठारही त्याच काळ्या दगडाचे आहे आणि हे थर पार सागरपर्यंत गेले आहेत. राजकीय दक्खन सातपुड्याशी सुरू होते असे म्हणावे, तर दगडाचे दक्खन आपल्या पाठीमागे कितीतरी कोस उत्तरेला पसरले आहे. बुंदेलखंडाच्या सीमेवर स्थायिक झालेली सागरची मराठी घरे नकळत डेक्कनच्या दगडावरच बांधली गेली.

या सगळ्यात मराठी माणूस स्वतःच्या भूमीला काय म्हणत होता? तो तिला ‘देश’ म्हणत होता. घाटावरचा तो देश, तिथला तो देशस्थ. पेशवाईच्या पत्रांत नर्मदेपलीकडे जाणे म्हणजे ‘हिंदुस्थानात’ जाणे आणि घरी येणे म्हणजे ‘देशी’ येणे. ‘दक्खन’ हे मुख्यतः उत्तरेकडून पाहणाऱ्याचे नाव. घरातल्या माणसाला आपले घर ‘उजवीकडचे’ म्हणण्याची गरज पडत नाही. गरज पडली ती घर सोडल्यावर. ग्वाल्हेर, इंदूर, सागर, झाशी, काशी इथे गेलेल्या मराठी माणसांना शेजारी ‘दक्षिणी’ म्हणू लागले, आणि हळूहळू ती माणसेही स्वतःला ‘आम्ही दक्षिणी’ म्हणू लागली.

आता ते दोन शब्द शेजारी ठेवा. ‘दक्खनी’ म्हणजे बाहेरून येऊन दक्खनमध्ये मुरलेला; ‘दक्षिणी’ म्हणजे दक्षिणेतून बाहेर जाऊन दुसरीकडे मुरलेला. मूळ एकच. पण पहिला शब्द माणसाला तो राहिला त्या जागेचे नाव देतो आणि दुसरा त्याने सोडलेल्या जागेचे. दुसऱ्या शब्दात एक अडचण आहे. पाच पिढ्या झाल्या तरी तो तुम्हाला ‘तिकडचे’ ठरवतो. पहिल्यात वेगळी अडचण आहे : तो तुमचे ‘तिकडचे’पण पुसून टाकतो.

दरम्यान इंग्रजी रूप घेऊन शब्द घरी परतला. पुण्याच्या जुन्या संस्कृत पाठशाळेतून वाढलेल्या संस्थेला १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव पडले. ते सरकारी नाव होते. पण १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १९०६ चा डेक्कन जिमखाना ही नावे आपल्याच लोकांनी निवडली. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे डेक्कन क्वीन सुरू झाली. अंबाडीसारख्या परसातल्या पिकालाही इंग्रजीत ‘डेक्कन हेंप’ म्हणतात. आज पुण्यात कोणी ‘डेक्कनला उतरतो’ म्हणाला तर तो एका बसथांब्यावर उतरणार असतो. सातवाहनांनी ज्याचे स्वामीपण मिरवले आणि ज्याच्या मोहिमेत औरंगजेबाचे उरलेले आयुष्य गेले, तो मुलूख एका चौकापुरता उरला. शब्द वापरात राहिला, पण त्यातली दिशा नाहीशी झाली.

ती दिशा उरली आहे ती आपल्यासारख्या घरांत. पुरावा भिंतीवरच्या पंचांगात मिळेल. नर्मदेच्या दक्षिणेकडची आपली रीत अमावास्येला महिना संपवण्याची. उत्तरेकडची पौर्णिमेला संपवण्याची. म्हणून हिंदी पंचांग पाळणाऱ्या शेजारच्या घरी श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. त्यांचे श्रावणी सोमवार सुरू झालेले असतात तेव्हा आपला आषाढच चालू असतो. गोकुळाष्टमी दोन्ही घरी एकाच रात्री; पण आपल्याकडे ती श्रावण वद्य अष्टमी आणि त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. घराच्या मालकाने कधी ‘दक्खन’ हा शब्द उच्चारला नसेल, तरी सून पहिल्या श्रावणी सोमवारचा उपास कधी धरते, यावरून त्या घराचे तोंड कुठे आहे ते कळते.

मग आपण कोण? बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांची उत्तरे एकसारखी नसतील. कोणी शिंदेशाहीत आले, कोणी आगगाडीबरोबर, कोणी कापूस-सुताच्या धंद्यात. आणि कोणी मुळातच तापीकाठचे शेतकरी, ज्यांनी कधी घर सोडलेच नाही, सरहद्दच त्यांना ओलांडून गेली. पहिल्या तिघांना ‘दक्षिणी’ हा शब्द लागू पडतो. शेवटच्यांना तो मुळीच लागू पडत नाही. ते दक्षिणेतून आले नाहीत, ते दक्षिणेतच आहेत. सगळ्यांना एकच नाव देऊन मोकळे होण्यापूर्वी हा फरक आपण ओळखला पाहिजे, कारण तो ओळखणारी पिढी आता थकत चालली आहे. नातवंडे शाळेच्या अर्जात ‘मातृभाषा’ या रकान्यात काय लिहायचे ते विचारतात. घराणे केव्हा, कुठून आणि कशासाठी आले, हे मात्र विचारत नाहीत.

म्हणून या लेखाचा शेवट एका विनंतीने करतो. घरातल्या जुन्या पेटीत खरेदीखत, वाटणीपत्र, कुळाचाराची वही, लग्नपत्रिका यांपैकी काही असेल, तर ते बाहेर काढा. त्यात तुमच्या घराण्याची ओळख कोणत्या शब्दाने लिहिली आहे ते पाहा : दक्षिणी, दखनी, मराठे, खानदेशी की आणखी काही. त्या शब्दाखाली साल लिहा आणि वडीलधाऱ्यांना आठवते तेवढी वाट लिहा. आपली दिशा आपल्याच माणसांनी मोजलेली असावी. ती मोजताना सातवाहनांच्या काळापासूनचा नियम तेवढा पाळा : आधी आपण कुठे उभे आहोत ते सांगा, मग उजवा हात कुठे येतो ते आपोआप कळेल.